ऐकणारीला आवाज नसतो

गोजराबाईचं जातं थांबलं तेव्हा उन्हाची पहिली पट्टी जातेघराच्या उंबऱ्यावर आली होती. मी पडद्यामागे पाटी मांडीवर घेऊन बसले होते. पडदा गोणपाटाचा, जमिनीपासून चार बोटं वर. त्या चार बोटांतून मला तिची पावलं दिसायची. टाचेला उभी भेग, भेगेत पीठ भरलेलं, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. तीन वर्षं मी त्या पावलांसमोर रोज सकाळी बसत होते आणि त्यावरचा चेहरा मला ठाऊक नव्हता.

जातं थांबणं ही समतळात साधी गोष्ट नव्हती. घरघर बंद पडली की बाहेर तागडीजवळ बसलेला मुकादम शंभर अंक मोजायचा आणि मग आत यायचा.

समतळ म्हणजे आमची वसाहत. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला घाट. कामं मंडळ वाटून द्यायचं, जेवणाच्या वेळा मंडळ ठरवायचं, आणि ओव्यासुद्धा. बायका दळताना गाणारच, ते कुणाला थांबवता आलं नव्हतं. म्हणून मंडळाने मधला रस्ता काढला होता. पहिली ओळ मंडळाची, दुसरी आपली. दर सोमवारी आठवड्याची पहिली ओळ खडूने दारावर लिहून जायचे. तिला जोडून बाईने हवी ती दुसरी ओळ गावी. दर जातेघरात एक जातं, दोघी दळणाऱ्या, आणि पडद्यामागे एक ऐकणारी. ऐकणारीने दुसरी ओळ जशीच्या तशी पाटीवर टिपून वहीत उतरवायची. रविवारी संध्याकाळी त्यातल्या निवडक ओळी भोंग्यावरून वाचून दाखवत, आमच्याकडेही आणि डोंगरावरच्या वरच्या वसाहतीतही. गाणारीचं नाव मात्र घ्यायचं नाही. ओळ सगळ्यांची, असं मंडळ म्हणायचं.

मी ऐकणारी होते. चौदाव्या वर्षी निवडलं मला. आई-बाप नव्हते, अक्षर बरं होतं आणि मी फारशी बोलत नसे. निवडताना मंडळाच्या साहेबांनी कागदावर सही घेतली, त्यात नववं कलम होतं: ऐकणारीला आवाज नसतो. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायचा. हजर आहे हे कळवायचं तर पेन्सिल पाटीवर एकदा वाजवायची. वस्तीपासून लांब एक खोली दिली होती. पाण्याला गेले की पंपावरच्या बायका गप्प होत आणि माझी कळशी भरेपर्यंत गप्पच राहत. सगळ्या वसाहतीची सुखदुःखं मला पाठ होती, पण ‘जेवलीस का’ असं विचारणारं कुणी नव्हतं.

गोजराबाई मला दळणाऱ्या सगळ्यांत जास्त आवडायची. का ते सांगता यायचं नाही. तिच्या दुसऱ्या ओळी मंडळाच्या पहिल्या ओळीला अशा काही जाऊन भिडायच्या की मंडळाची ओळ ओशाळी व्हायची. एकदा दारावर ओळ आली होती,

*दळण दळू बाई, सारे मिळून एका ठायी*

आणि ती लगेच म्हणाली होती,

*ठिपकी माझी कोंबडी, खुराड्यात येत न्हाई*

पडद्यामागे मी पदर तोंडात कोंबला होता. खोकल्यासाठी नव्हे, हसू येऊ नये म्हणून.

त्या ठिपकीबद्दल मला सगळं ठाऊक होतं. ती कुंपणाच्या काठीवर झोपायची. गोजराबाई तिच्या पायाला लाल चिंधी बांधून तिला खुराड्याला अडकवायची आणि तिची लेक राही ती चिंधी गुपचूप सोडायची. रोज बांधायची आई, रोज सोडायची लेक. असं कितीतरी आठवडे ओळींतून चाललं होतं. मग एके दिवशी ठिपकी ओवीतून गेली. राहीही गेली. पंधराव्या वर्षी तिला वरच्या वसाहतीत, भट्टीच्या कामावर धाडलं होतं. वर गेलेल्यांना पत्र नाही, भेट नाही. त्यानंतर दोन वर्षं गोजराबाईच्या ओळींत वाट, घाट, लेक एवढंच यायचं, आणि मंडळ त्यातली एकही ओळ निवडायचं नाही.

त्या सकाळी ती एकटीच होती. तिची जोडीदारीण तापाने पडली होती आणि बदली बाई आली नव्हती. एकटीने जातं ओढणं अवघड, म्हणून आधी मला वाटलं, दमली असेल. मग तिची पावलं वळली. आजवर ती कधी माझ्याकडे वळली नव्हती.

“ऐकणारे,” ती म्हणाली. “तू हायेस न्हवं?”

मी पेन्सिल एकदा वाजवली.

“हे लिहू नगंस. ही ओवी न्हाई.”

तिने हळू, भराभर सांगितलं. पुढच्या महिन्यात वरच्या मुलींना आणखी वर नेणार होते, नदीच्या उगमाकडे, जिथे भोंगा ऐकू जात नाही. त्याआधी तीन-चार रविवारच उरले होते. राहीने घाट उतरून पळायचं मनात घेतलं होतं, इथे होती तेव्हाच. आईने चिंधी बांधलेल्या ठिपकीकडे बोट दाखवून तिला म्हटलं होतं, बघ, तुलाबी अशीच बांधीन. ते दोघींचं शेवटचं बोलणं. मग तिला वर नेलं.

“ती माझ्या शब्दाला बांधून बसली आसंल,” गोजराबाई म्हणाली. “तशी हट्टी हाय, पण आईचं एक ऐकायची. तिला कळलं पायजे, मी सोडलंय म्हणून. जा म्हनून सांगायचंय मला. येवढंच. दोन सालं झाली, मला ती ओळ जुळंना. जुळती ती मंडळ खोडतं.”

बाहेर मुकादमाची काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला.

तिने घाईने खुंटा धरला. जातं अर्धा वेढा फिरलं. तिने त्या आठवड्याची पहिली ओळ लावली.

*उगवला दिस बाई, समतळाच्या मळ्यावरी*

आणि थांबली. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला, आणि जातं पुरतं थांबलं. तिची पावलं एकमेकांवर चढली होती, लहान मुलं रडताना चढवतात तशी.

माझ्या हातात पेन्सिल होती. तीन वर्षं दुसऱ्या ओळी लिहून लिहून त्यांचा ठेका माझ्या बोटांत बसला होता. मंडळाला काय चालतं हेही बोटांना ठाऊक होतं. तो आठवडा कुक्कुटपालनाचा होता, वसाहतभर कोंबड्यांची चित्रं लावली होती, मंडळाच्या सचिवांना अंड्यांवर काहीतरी हवंच होतं. पण हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी मी काही ठरवलं नाही. रिकामी जागा दिसली आणि तोंडातून सूर गेला.

*ठिपकी कोंबडी माझी, चिंधी नाही पायावरी*

एवढंच. माझा स्वतःचा आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते. तो मला एखाद्या पोरीसारखा वाटला, बारीक आणि जरा चिरका. सतरा वर्षांची तर होते.

सुपातला एक दाणा घरंगळला. मग गोजराबाईने श्वास घेतला, खुंटा धरला आणि ती ओळ आपल्या आवाजात म्हटली. परत म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना जातं सुरू होतं, आणि दारात मुकादम उभा होता.

भिवाजी नलवडे त्याचं नाव. वाईट माणूस नव्हता. तागडीत पाव शेर कमी भरला तर आधी तागडीला शिव्या द्यायचा, मग बाईला.

“दुसरा आवाज कुणाचा?” त्याने विचारलं.

“माझाच, मुकादम.”

“तुझा आवाज मला माहीत आहे, गोजरा. थापलेल्या भाकरीसारखा आहे. हा बारीक होता.”

“घसा बसलाय. कवा जाडा येतो, कवा बारीक.”

“बारीक काढ बरं.”

तिने काढला. काय तो सूर. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही तिघंही हसलो असतो. मुकादम हसला नाही. त्याच्या चपला हळूहळू माझ्याकडे आल्या आणि पडद्याखालच्या फटीपाशी थांबल्या. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.

“आत ऐकणारी आहे?”

मी एकदा वाजवलं.

“तू बोललीस?”

नाही म्हणायचं तर दोनदा वाजवायचं असे. मला ते जमेना. एकदा वाजवलं तर संपलं. दोनदा वाजवलं तर, कसं सांगू, माझ्याच तोंडावर मी हात ठेवल्यासारखं होणार होतं. पेन्सिल पाटीवर टेकवून मी नुसती बसले. पडद्यापलीकडे गोजराबाईची पावलं अगदी स्थिर होती.

मुकादम खाकरला.

“मी हा प्रश्न विचारायला नको होता,” तो म्हणाला. तो पडद्याशी बोलत होता की स्वतःशी, कळत नव्हतं. “कलम नऊ. ऐकणारीला आवाज नसतो. जिला आवाज नाही तिचा आवाज मी ऐकला असं लिहून दिलं, तर साहेब मलाच कानाच्या तपासणीला वर धाडतील. आणि वर गेलेलं कोण परत आलंय तपासणीहून?” चपला वळल्या. “दळ गं तू. पीठ कमी भरलं तर मात्र लिहीन.”

मी ती ओळ वहीत लिहिली. दळणारी गोजरा, जातेघर सहा. अक्षर वाकडं आलं. नियमाने मी दुसऱ्याची ओळ लिहायची, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझी स्वतःची ओळ दुसरीच्या नावावर लिहिली.

रविवारी संध्याकाळी सगळी वसाहत मैदानात बसली. भोंग्यावर नेहमीप्रमाणे आधी मोजणी झाली. खालची वसाहत, इतके पुरुष, इतक्या बायका. वरची वसाहत, मुली बावन्न. मग ओळी. सचिवांनी आमची ओळ पहिल्याच क्रमांकाला घेतली होती. कोंबड्यांना मोकळं फिरू दिलं की अंडी वाढतात, हा संदेश एका साध्या दळणाऱ्या बाईने किती गोड सांगितला, असं त्यांनी दोनदा म्हटलं. आवाज डोंगरावर आदळला आणि तिथून परत आला. चिंधी नाही पायावरी. पायावरी.

मी बायकांच्या मागे, माझ्या ठरलेल्या दगडावर बसले होते. पुढे दीडशे पाठी होत्या. त्यातली तिची कोणती, मला माहीत नव्हतं.

दोन रविवार काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी भोंगा म्हणाला, वरची वसाहत, मुली एक्कावन्न.

बाकी काही सांगितलं नाही. आजारी पडून गेली की घाट उतरून गेली, भोंगा कधीच सांगायचा नाही. पण पुढच्या सकाळी मी पडद्यामागे जाऊन बसले तेव्हा फटीतून आत, माझ्या पायाशी, मूठभर पीठ सांडलेलं होतं. मुद्दाम सांडलेलं. त्यावर बोटाने कोंबडीचा पाय काढला होता, तीन नखं पुढे, एक मागे.

त्यानंतर गोजराबाईने कधी स्वतःची ओळ गायली नाही. छापल्यासारख्या, सगळ्या म्हणतात त्याच दुसऱ्या ओळी ती म्हणायची. तिला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. मी मात्र रोज पाटी घेऊन तयार बसायचे. समोर पावलं असायची, ओवी असायची, आणि तरी जातेघर रिकामं वाटायचं.

पाच वर्षांनी मंडळ मोडलं. कसं मोडलं याच्या पुष्कळ गोष्टी लोक सांगतात, मला त्यातलं थोडंच ठाऊक आहे. एका सकाळी दारावर खडूची ओळ नव्हती, आणि वेशीचा दरवाजा उघडा होता. वह्या मैदानात जाळल्या. लोक गाठोडी घेऊन निघाले. मी माझ्या खोलीच्या पायरीवर बसून राहिले. कुठे जायचं असतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा एक बाई माझ्याकडे चालत आली. उंच, हाडापेराने मोठी, कपाळावर गोंदण. मी आधी पावलं पाहिली. डाव्या अंगठ्याचं नख.

“नाव काय तुझं?” तिने विचारलं.

“वेणू.”

“वेणू,” तिने म्हणून बघितलं. मग माझ्याजवळ पायरीवर बसली. आम्ही माणसं जाताना बघत होतो. मी विचारलं, तुम्ही नाही का निघत? ती म्हणाली, “म्या हितंच. दार उघडं ऱ्हायलं की येनाऱ्याला आत येता येतं.” नंतर तिने माझ्याकडे न बघता ती ओवी म्हटली. गायली नाही, नुसती बोलल्यासारखी म्हटली.

*भोवती भिंत बाई, मंडळाची माया मोठी*
*लेक माझी बघत ऱ्हाते, घाटावरल्या पायवाटी*

ती ओळ मला पाठ होती. तिची तारीखही पाठ होती. राहीला वर नेलं त्याच्या आदल्या सोमवारची. सुंदर ओळ आहे म्हणून मी ती अगदी सुबक अक्षरात लिहिली होती आणि खाली रेघ ओढली होती, म्हणजे मंडळाचं लक्ष जाईल, रविवारी भोंग्यावर येईल, आणि हिची ओळ सगळ्यांना ऐकायला मिळेल. लक्ष गेलं होतं.

“रेघ कुणी वढली ते मला मुकादमानं सांगितलं हुतं,” गोजराबाई म्हणाली. “लई राग हुता तुझा. दोन सालं रोज सकाळी तुझ्याकडं पाठ करून दळलं. पर गायले तर मीच हुते ना.”

कलम नऊ जळून गेलं होतं, तरी मी बोटाने पायरीवर नुसतं एकदा वाजवलं.

“तू लिवलंस म्हनून ती वर गेली,” ती म्हणाली. “तू बोललीस म्हनून ती खाली उतरली. आसं मी धरून चालते. आता ऊठ. तूबी जा.”

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिच्या हाताचं पीठ माझ्या चोळीवर उमटलं आणि तसंच घेऊन मी वेशीबाहेर पडले.

याला आता चाळीस वर्षं झाली. शहरात मी एका मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. आता सातव्या मजल्यावर एक खोली आहे. हवं तेव्हा उठते, हवं ते खाते, दुपारी बारा वाजता दिवा लावून बसले तरी कुणी विचारत नाही. विचारणारं कुणी नाही. समतळात दाराला कडी नव्हती, इथे तीन आहेत आणि तिन्ही आतून मीच लावते. ते दिवस बरे होते असं मी कधी म्हणणार नाही, ज्याने रेघ ओढली आहे त्याने ते म्हणू नये. पण इथे पहिली ओळही आपली, दुसरीही आपली, आणि इतक्या वर्षांत मला एकही ओवी सुरू करता आली नाही. दारावर खडूने कुणी काही लिहीत नाही, तर मी आपली कोऱ्या दाराकडे बघत बसते.

शेजारची अनघा मध्ये येऊन गेली. नोकरीतून दमून येते, तरी दोन मिनिटं थांबते बिचारी. तिनेच हा फोन लावून दिला. म्हणाली, “काकू, तुम्ही जुन्या गोष्टी सांगता ना, त्या यात बोला. हे माइकचं चित्र दाबायचं, की तुम्ही बोलाल ते आपोआप लिहिलं जातं. अगदी जसंच्या तसं.”

“रेघ ओढतो का हा?” मी विचारलं.

“कसली रेघ?”

“काही नाही गं.”

ती गेल्यावर मी फोन समोर ठेवला आणि चित्र दाबलं. तो ऐकायला लागला. मी गप्प. तोही गप्प. थोड्या वेळाने आपला आपण मिटला. मी पुन्हा दाबलं, तो पुन्हा मिटला. ही ऐकणारी फार तर सात-आठ श्वास थांबते. आम्ही वर्षानुवर्षं थांबत होतो.

चौथ्यांदा दाबलं आणि म्हटलं. सूर लागला नाही, पण म्हटलं.

*घाट उतरली राही, तिला पुढं काय दिसलं*

शब्द पडद्यावर उमटले, बरोबर, एकही चूक नाही. खाली विचारलं होतं, कुणाला पाठवायचं. मी यादी उघडली. अनघा, गॅसवाला, दवाखाना. यादी बंद केली.

पहिली ओळ झाली होती. माझी, पहिलीवहिली. खिडकी उघडी ठेवली, दाराच्या तिन्ही कड्या काढल्या, आणि दुसऱ्या ओळीसाठी थांबले.